शेजारच्या सीटवरचा सेंट

मास्तरांचं अर्धं आयुष्य शेजारच्या सीटवर बसण्यात गेलं होतं. गाडी चालवायला शिकवणाऱ्या माणसाचं दुसरं काय होणार? स्टिअरिंग कायम दुसऱ्याच्या हातात, आणि आपल्या पायाखाली एक जादा ब्रेक नि एक जादा क्लच, एवढाच काय तो आधार. त्यांच्या छोट्या पांढऱ्या गाडीच्या टपावर ड्रायव्हिंग स्कूलचा बोर्ड होता, मागच्या काचेवर लाल रंगात मोठं 'एल' अक्षर होतं, आणि आत एक कायमचा वास होता. रेक्झिनचा, पेट्रोलचा आणि घाबरलेल्या माणसांच्या घामाचा. पहिल्यांदा गाडी चालवणारा माणूस कितीही न्हाऊनमाखून आला तरी दोन वळणांत त्याची पाठ ओली होते. मास्तरांना तो वास आताशा जाणवत नसे. बायकोला मात्र जाणवायचा. ते घरी आले की ती त्यांचा शर्ट दोन बोटांत धरून थेट धुण्यात टाकायची.

सेंटाचं खूळ त्यांच्या डोक्यात भरवलं ते मेहुण्याने. बायकोचा हा धाकटा भाऊ मोठमोठ्या इमारतींना लिफ्ट विकायचा, कडक इस्त्रीत वावरायचा, आणि कामानिमित्त शहरात आला की बहिणीकडे उतरायचा. एका संध्याकाळी तिघं बाहेर जेवायला निघाली होती. मास्तर शर्ट बदलून आले, तसं मेहुण्याने बॅगेतून एक जड काचेची बाटली काढली आणि म्हणाला, "भावोजी, मान वर करा."

फुस्स करून गार फवारा गळ्यावर आला. बायको कॉलर नीट करायला म्हणून जवळ आली. कॉलर नीट झाली, तरी ती तिथेच उभी राहिली.

"काय छान वास येतोय," ती म्हणाली. भावाची बाटली होती, पण म्हणाली ती नवऱ्याकडे बघून.

त्या रात्रीच्या जेवणात काय होतं ते मास्तरांना नंतर आठवेना. कॉलरपाशी थांबलेले हात तेवढे आठवत राहिले. पन्नाशीच्या माणसाने हुरळून जावं असं त्यात काही नव्हतं, पण मास्तर हुरळले खरे.

मेहुणा गेल्यावर त्यांनी बाटलीवरचं नाव आठवून आठवून थंडगार एसी असलेलं ते मोठं दुकान गाठलं. काउंटरवरच्या मुलीने काचेखालची बाटली दाखवली आणि किमतीचं लेबल त्यांच्याकडे फिरवलं. मास्तरांनी ते वाचलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. तेवढ्या पैशात गाडीची पुढची दोन्ही चाकं नवी आली असती. मुलगी समजूतदार होती. तिने कागदाच्या पट्टीवर थोडा सेंट मारून दिला. "काका, हे खिशात ठेवा, दिवसभर वास राहतो." मास्तरांनी पट्टी खिशात ठेवली, आणि शर्टासकट ती धुण्यात गेली.

मग त्यांनी नकली गाठला. बाजाराच्या तळघरात, चेन आणि बटणांच्या दुकानाला लागून, सेंटाचं एक दुकान होतं. तिथे जगातल्या सगळ्या महागड्या सेंटांचे स्वस्तातले भाऊबंद ओळीने मांडून ठेवले होते. दुकानदाराला सर्दी झाली होती, तरी तो तोंडभरून बोलत होता.

"अस्सल आणि हा, दोन्ही डोळे मिटून हुंगा. फरक सांगता यायचा नाही."

"आणि डोळे उघडून?"

"डोळे उघडल्यावर बाटलीवरून कळतं," दुकानदार म्हणाला आणि नाक पुसलं.

बाटली मात्र झकास होती. तोच गडद निळा रंग, तेच चांदीचं टोपण. नावात फक्त एक अक्षर बदललं होतं. मास्तरांनी ती रुमालात गुंडाळून घरी आणली आणि बायकोपुढे मनगट धरलं. ती स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. तिने हुंगलं, विचार केला, पुन्हा हुंगलं.

"सुरुवातीला हुबेहूब तोच. मग लिंबू निघून जातं आणि फरशी पुसल्यासारखं काहीतरी मागे राहतं."

"म्हणजे नको?"

"नको कुठे म्हटलं? सुरुवात चांगली आहे की." तिने हात फडक्याला पुसले. "आणि तासाभरात काहीच राहत नाही. मग पुन्हा तुम्हीच."

मास्तरांनी ते कौतुक समजून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून सेंट लावून कामावर जायला लागले. ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसात मालकांनी मान वर करून हवेत दोनतीनदा हुंगलं आणि म्हणाले, "आज कोणी मोठं गिऱ्हाईक आलंय का?" त्यांच्या हाताखालच्या छोट्या मास्तरांनी बाटलीचं नाव विचारून घेतलं. शिकायला येणाऱ्या कॉलेजच्या मुलीने सांगितलं की तिचे मामाही हाच लावतात. एकंदरीत मास्तरांचं बरं चाललं होतं. ते गाडीत जरा ताठ बसायला लागले. आरशात बघताना मागच्या रस्त्याबरोबर स्वतःकडेही एक नजर टाकून घ्यायला लागले.

बिनसलं ते फक्त एका ठिकाणी. चष्म्याच्या दुकानातल्या ताईंचं.

या ताई मास्तरांपेक्षा चारपाच वर्षांनी मोठ्या. चष्म्याच्या दुकानात त्या कितीतरी वर्षं काम करत होत्या. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम नीट बसवायची, दांड्या कानामागे वाकवायच्या, डोळ्याला धड न दिसणारे बारीक स्क्रू पिळायचे, हे त्यांचं काम. हात अगदी स्थिर. यजमान जाऊन दीडएक वर्ष झालं होतं, आणि त्यांची मोठी राखाडी गाडी इमारतीखाली कव्हर घालून उभी होती. मुलगा म्हणत होता, विकून टाक. ताई म्हणत होत्या, बघू. त्यांची धाकटी बहीण डोंगरापलीकडच्या गावात राहायची. तिचे गुडघे गेले होते, तिला येणं जमत नव्हतं, आणि बस अशा आडवेळेला होती की गेलं की मुक्कामच करावा लागायचा. मुक्कामाला दुकानातून रजा मिळत नव्हती.

"मला तिच्याकडे जाऊन चहा पिऊन परत यायचंय," पहिल्या दिवशी त्यांनी मास्तरांना सांगितलं होतं. "एवढंच शिकवा."

रोज सकाळी दुकान उघडण्याआधी त्या यायच्या. सावकाश शिकत होत्या पण पक्कं शिकत होत्या. क्लच सोडताना त्यांचा पाय असा हळुवार उठायचा की मास्तर छोट्या मास्तरांना सांगायचे, "क्लच शिकावा तर त्या बाईंकडून." आता एवढा चढ आणि मागे घेणं झालं की परीक्षेचा अर्ज भरायचा, असं ठरत आलं होतं.

आणि नेमकी तेव्हाच गाडी पहिल्या चौकात बंद पडली.

"होतं असं," मास्तर म्हणाले. "चालू करा. घाई नाही."

ताईंनी गाडी चालू केली ती तिसऱ्या गिअरमध्ये. गाडीने आचका दिला आणि पुन्हा मान टाकली. मागून हॉर्न सुरू झाले. पुढच्या वळणावर त्यांनी आरसा पाहिला नाही, इंडिकेटर उलट्या बाजूचा दिला, आणि एका दुकानासमोर रचलेल्या दुधाच्या क्रेटपासून हातभर अंतरावर मास्तरांना आपल्या बाजूचा ब्रेक दाबावा लागला. क्लास संपता संपता मात्र त्या पुन्हा पहिल्यासारखं चालवायला लागल्या, जणू मधलं काही झालंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. पहिला अर्धा क्लास नुसता गोंधळ, आणि मग हळूहळू हात सुटायचा. मास्तरांनी पुष्कळ डोकं चालवलं. रात्री झोप होत नसेल. घरी मुलगा गाडी विकायच्या मागे लागला असेल. "इंजिन तापायला वेळ लागतो ना, तसं काही माणसांचं असतं," त्यांनी छोट्या मास्तरांना समजावलं. पण त्यांचं त्यांनाच ते पटत नव्हतं. आधी या बाईंना तापायला वेळ लागत नव्हता.

त्या आठवड्यात त्यांनी ताईंना चढावर नेलं. पाण्याच्या टाकीकडे जाणारा रस्ता सरळ आणि उभा होता. चढावर थांबायचं, हँडब्रेक ओढायचा, आणि गाडी मागे न सरकवता पुन्हा निघायचं, हे शिकवायला सगळे तिथेच यायचे. सकाळची वेळ होती. मास्तरांनी नुकताच सेंट मारला होता. ताई चढाच्या मध्यावर थांबल्या. निघताना क्लच जास्त सुटला, गाडी बंद पडली आणि मागे सरकायला लागली. मागे पावाची गाडी येऊन टेकली होती. मास्तरांनी ब्रेकवर पाय दाबला, आणि त्यांच्या तोंडून सहज निघून गेलं, "च्च."

इतक्या वर्षांत त्यांनी असा आवाज काढला नव्हता. लोकांनी गाड्या गटारात घातल्या होत्या, एकाने तर पोलीस चौकीच्या पायरीवर चढवली होती. मास्तरांनी जीभ चावली होती, डोळे मिटले होते, पण तोंडातून शब्द काढला नव्हता. आज काय झालं त्यांना कळलं नाही.

ताईंनी हँडब्रेक ओढला. गिअर न्यूट्रल केला. किल्ली मागे फिरवली. सगळं अगदी शिकवल्याप्रमाणे. मग दार उघडून त्या खाली उतरल्या, गाडीला वळसा घालून मास्तरांच्या बाजूला आल्या, त्यांचं दार उघडलं आणि खाली मान घालून उभ्या राहिल्या.

"ताई, अहो काय झालं?"

"तुम्ही चालवा."

"चूक माझी आहे. मी असं करायला नको होतं. बसा तुम्ही."

"तुम्ही चालवा," त्या पुन्हा म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. पावाच्या गाडीवाला हॉर्न वाजवत होता. मास्तर उतरले, पलीकडे जाऊन बसले आणि गाडी वर टाकीच्या भिंतीपाशी नेऊन उभी केली. ताई मास्तरांच्या नेहमीच्या जागी बसल्या होत्या आणि मांडीवरच्या पर्सची चेन पुढेमागे करत होत्या.

"तुम्ही हल्ली सेंट लावता," त्या म्हणाल्या.

"हो. म्हणजे, लावतो थोडा."

"आमचे हे तोच लावायचे. ऑफिसला जाताना, बाजारात जाताना, नुसतं खाली गाडी पुसायला जातानासुद्धा. दुसरा हौसेचा खर्च नव्हता त्यांना." त्या समोर बघून बोलत होत्या. "लग्नानंतर त्यांनी मला गाडी शिकवायला घेतली होती. मीच मागे लागले होते. चारपाच दिवस झाले असतील. चुकलं की ते ओरडायचे नाहीत. फक्त च्च करायचे. तो आवाज येईल येईल म्हणून मी आणखी चुकायचे. मग एक दिवस फाटकातून आत घेताना गाडी घासली. अशी काही फार नाही. ते एक शब्द बोलले नाहीत. उतरले, माझ्या बाजूला आले, दार उघडलं आणि उभे राहिले. मी उतरेपर्यंत उभे राहिले."

"मग?"

"मग काय. उतरले. त्यानंतर मी त्या सीटवर बसले नाही आणि त्यांनीही कधी बस म्हटलं नाही. मुलगा मोठा झाला, त्याला शिकवलं." त्यांनी चेन बंद केली. "ते वाईट नव्हते हो. असं वाटून घेऊ नका. माझ्या आईच्या आजारपणात रात्र रात्र दवाखान्यात बसले होते. पण गाडीत ते वेगळेच व्हायचे. तुम्ही बसलात की तो वास येतो आणि मला वाटतं शेजारी तेच बसलेत, आता च्च करतील. मग जरा वेळाने ते उतरून जातात आणि तुम्ही उरता. तेव्हा कुठे मला जमायला लागतं."

मास्तरांना ऐकता ऐकता कोडं उलगडलं. पहिला अर्धा क्लास म्हणजे सेंट उडून जायला लागणारा वेळ. त्यांचे कान गरम झाले.

"ताई, तो सेंट खरा नाहीये. नकली आहे. खरा मला परवडत नाही."

ताई पहिल्यांदाच हसल्या. "ते कळलं मला. त्यांचा संध्याकाळपर्यंत हलायचा नाही. कपाटातून तर अजून गेलेला नाही."

त्या दिवशी घरी आल्यावर मास्तरांनी बाटली फडताळात वरच्या कप्प्यात ठेवून दिली. बायकोने ते पाहिलं. तिने विचारल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. चढ, च्च, पावाची गाडी, उघडं दार. स्वतःची बाजू सावरून घ्यायचा प्रयत्न त्यांनी केला नाही.

"मग आता सेंट बंद?" बायकोने विचारलं.

"बंदच. दुसरं काय करणार?"

"त्या म्हणाल्या का, लावू नका?"

"नाही. त्या कशाला म्हणतील?"

"मग तुम्हीच कसं ठरवून टाकलंत?"

मास्तरांना याचा राग आला. ते बराच वेळ पेपर उलटसुलट करत बसले. मग अचानक म्हणाले, "तुला शिकायची आहे का गाडी?"

"मला? नको बाई. मला शेजारी बसून बाहेर बघायला आवडतं." ती कपडे घडी करत होती. एक घडी पुरी झाल्यावर म्हणाली, "पण विचारलंत बाई एकदाचं."

हे कौतुक होतं की टोमणा, ते मास्तरांना संसाराच्या इतक्या वर्षांनंतरही ओळखता आलं नाही.

पुढच्या क्लासला ते सेंट न लावता गेले. ताई येतील की नाही याचीच धाकधूक होती, पण त्या वेळेवर आल्या आणि पहिल्या चौकापासून शेवटपर्यंत गाडी एकदाही बंद पडली नाही. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. ऑफिसासमोर गाडी लावून ताईंनी किल्ली काढली, पण त्या उतरेनात.

"आज लावला नाहीत."

"नाही. आता नाही लावणार."

"मी कालपासून विचार करत होते," ताई म्हणाल्या. "आमच्या गाडीत तोच वास आहे. सीटमध्ये, पट्ट्यात, टपाच्या कापडात. आणि तो खरा आहे, तासाभरात उडणारा नाही. इथे मी कितीही चांगली शिकले तरी तिथे जाऊन बसले की माझे हातपाय गळणार. त्यापेक्षा इथेच सवय झालेली बरी. उद्यापासून लावून या."

"अहो पण ताई..."

"जरा जास्तच लावा. म्हणजे पूर्ण क्लास पुरेल."

मास्तरांनी बाटली फडताळातून काढली. दुसऱ्या दिवशी त्यांनी इतका सेंट मारला की ताईंच्या नंतर शिकायला येणारी कॉलेजची मुलगी खिडकीतून अर्धी बाहेर लोंबकळत गाडी चालवायला लागली, आणि मालकांनी ऑफिसचा पंखा वाढवला. त्या दिवशी ताईंची गाडी पहिल्या चौकात बंद पडली. पुढच्या दिवशी दुसऱ्या. मास्तर "चालू करा, घाई नाही," एवढंच म्हणायचे. एकदा बाजाराच्या रस्त्यावर चालवता चालवता ताईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मास्तरांनी पाय ब्रेकवर नेला आणि तसाच अधांतरी धरून ठेवला. ताईंनी एका हाताने डोळे पुसले, आरसा पाहिला, गिअर बदलला आणि चालवत राहिल्या. मास्तरांनी पाय हळूच मागे घेतला. पोटरीत गोळा आला होता.

मग ताईंनी आणखी एक हट्ट धरला.

"च्च करा."

"ते नाही जमायचं मला."

"त्या दिवशी तर छान जमलं."

मास्तरांनी प्रयत्न केला. पहिला आवाज पालीसारखा आला, दुसरा दातात काही अडकल्यासारखा. ताईंना हसू आवरेना, गाडी हळू करून कडेला घ्यावी लागली. हसणं संपल्यावर त्या पुन्हा निघाल्या. पुढे टाकीच्या चढावर मास्तरांनी मनावर दगड ठेवून खरोखरीचा, जिव्हारी लागेल असा च्च केला.

"गप्प बसा हो जरा," ताई समोर बघून म्हणाल्या. हँडब्रेक सुटला, गाडी बोटभरही मागे न सरकता चढ चढून गेली. वर पोचल्यावर त्या घाईने म्हणाल्या, "तुम्हाला नाही म्हटलं, मास्तर."

"कळलं मला." मास्तर म्हणाले, "मग? काय म्हणाले ते?"

"काही नाही. गप्प बसलेत."

लायसन्सच्या परीक्षेला त्या पहिल्यांदा नापास झाल्या. परीक्षा घेणाऱ्या साहेबांचा सेंटाबिंटाशी काही संबंध नव्हता, ते खोकल्याची गोळी चघळत शेजारी बसले होते. चढ, वळण, सगळं उत्तम झालं, आणि गाडी मागे घेताना ताईंनी एक खांब आडवा केला. मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या सगळ्या लोकांनी तो पडताना पाहिला. आता या बाई पुन्हा गाडीत बसणार नाहीत, असंच मास्तरांना वाटलं. ते समजूत घालायला पुढे झाले, तर ताई स्वतःच चालत येत होत्या.

"पाडला," त्या म्हणाल्या. "इतक्या लोकांसमोर पाडला. साहेबांनी नुसतं लिहून घेतलं आणि पुढे घ्या म्हणाले." याचंच त्यांना नवल वाटत होतं. "पुढची तारीख कधीची मिळेल?"

पुढच्या तारखेला त्या पास झाल्या.

मग राहिली ती राखाडी गाडी. ताईंनी मेकॅनिक बोलावून बॅटरी नि चाकांची हवा बघून घेतली होती, पण पहिल्यांदा बाहेर काढताना मास्तरांनी शेजारी असावं अशी त्यांची इच्छा होती. मास्तर रविवारी सकाळी गेले. दोघांनी मिळून कव्हर ओढलं. मास्तरांनी दार उघडलं मात्र, आणि आतला वास एकदम अंगावर आला. इतके दिवस बंद असूनही गाडीत तो तसाच भरून होता, जड आणि गार, लिंबाच्या मागे लाकडासारखं काहीतरी असलेला. मोठ्या दुकानातल्या त्या पट्टीनंतर मास्तरांनी तो पहिल्यांदाच घेतला होता. तळघरातला दुकानदार थापा मारत होता, हे त्यांना डोळे मिटूनही कळलं असतं.

ताई ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. काचा तशाच बंद ठेवल्या. यजमान उंच असावेत, कारण ताईंचे पाय क्लचपर्यंत पोचत नव्हते. त्यांनी खाली हात घालून खटका शोधला आणि सीट खटखट करत पुढे ओढली. मग पाठ सरळ केली. मग आरसा आपल्याकडे वळवला, आधी आतला, मग बाहेरचे दोन्ही. सगळं मनासारखं झाल्यावर त्यांनी किल्ली लावली, आणि गाडी सुरू झाल्यावर चारही काचा खाली केल्या.

रुमाल काढायला म्हणून त्यांनी समोरचा कप्पा उघडला, तर आत गडद निळी बाटली होती. अर्धी भरलेली. ताईंनी ती मास्तरांपुढे धरली.

"घ्या. तुम्हाला आवडतो. आणि हा खरा आहे."

मास्तरांनी बाटली हातात घेतली. मोह झाला नाही असं म्हणणं खोटं ठरेल. बायकोचे कॉलरपाशी थांबलेले हात त्यांना आठवले. त्यांनी टोपणावरून अंगठा फिरवला आणि बाटली पुन्हा कप्प्यात ठेवली.

"नको, ताई. हा संध्याकाळपर्यंत उतरायचा नाही, आणि माझ्या शेजारी दिवसभर नवनवी माणसं बसतात. कोणाला कशाची आठवण येईल सांगता येत नाही. मला आपला तासाभराचाच बरा, तोही रविवारचा, घरातल्या घरात. मुलाला द्या."

"त्याच्याकडे आहे. तोही हाच लावतो." ताईंनी गिअर टाकला. "त्यालाही एकदा शेजारी बसवणार आहे. बघू किती वेळ गप्प बसतो."

मोठी गाडी सावकाश इमारतीखालून बाहेर आली आणि रस्त्याला लागली. मास्तरांच्या पायाखाली ब्रेक नव्हता. दोनदा त्यांनी सवयीने पाय दाबला तो रिकाम्या जागी. ताईंनी ते पाहिलं आणि गिअर बदलला.

त्यानंतर थोड्या दिवसांनी त्या एकट्या बहिणीकडे निघाल्या. निघण्याआधी त्यांनी मास्तरांना फोन केला होता. मास्तरांचं त्या सकाळी कशात लक्ष लागेना. डोंगरातली वळणं, समोरून येणारे ट्रक, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर येत होतं. कॉलेजच्या मुलीने सिग्नल तोडला, तेही त्यांच्या ध्यानात आलं नाही. क्लास चालू असताना खिशात फोन वाजला. गाडीत फोन घ्यायचा नाही, हा त्यांचाच नियम होता, म्हणून तो वाजून वाजून बंद पडला. मुलीने गाडी ऑफिसासमोर लावल्यावर त्यांनी घाईने खाली उतरून नंबर फिरवला. पलीकडून अनोळखी बायकी आवाज आला.

"मास्तर ना? मी तिची धाकटी बहीण. पोचली ती. आत तोंड धुतेय. म्हणाली, आधी मास्तरांना कळव."

"नीट पोचल्या ना? वाटेत काही अडचण?"

"कसली अडचण? बोलतेय केव्हाची, थांबेचना." बहिणीने आवाज जरा खाली आणला. "गाडी तेवढी तिरकी लावलीय हो. अर्धा रस्ता अडवलाय. मी म्हटलं, शेजारच्या मुलाला सांगते सरळ करायला. तर नको म्हणाली. चहा पिऊन झाला की मीच करते म्हणाली."